दारच्या अंगणात लाकडी तळं

"घरात तळं? म्हणजे डासांना आमंत्रणच की!" आपण तळ्याचा विषय काढला की घरातून पहिलं वाक्य हेच येतं. दुसरं वाक्य सासूबाईंचं, "पोरं पडतील त्यात." आणि तिसरं, जे कुणी मोठ्यानं बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं, "पाणी भरणार कोण?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ते उडवून लावून तळं बांधायला घेऊ नये. पण तिन्हींना उत्तरं आहेत, आणि ती मिळाली तर दोन खोल्यांच्या बैठ्या घरापुढच्या चार हात जागेतसुद्धा कमळ फुलवता येतं. गौरी-गणपतीत आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजारात एकेका कमळकळीला काय भाव पडतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

पाणी दारात असणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळानं पुण्यात आलं आणि शहरात ठिकठिकाणी हौद झाले. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं तर कमळाच्याच आकाराचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाड्यांत दगडी डोणी असायची, तिच्यात गुरं पाणी प्यायची आणि चिमण्या आंघोळ करायच्या. आता ना डोणी राहिली, ना तिला लागणारा दगड परवडत. लाकडाची पेटी आणि तिच्यात प्लॅस्टिकचं अस्तर, हा त्यातल्या त्यात सोपा आणि उद्या नको झालं तर मोडून टाकता येण्याजोगा प्रकार आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे शेवटचं फार महत्त्वाचं.

जमीन खणून तळं करण्यापेक्षा जमिनीवर उभं केलेलं बरं. खणायला माणूस नको, खडक लागायची भीती नको, आणि पावसाळ्यात अंगणातलं गढूळ पाणी, पालापाचोळा थेट आत वाहून येत नाही. शिवाय काठ दीड फूट उंच आला की कंबर न वाकवता पानं काढता येतात. गुडघेदुखी असलेल्या बायकांना हे लगेच पटेल.

आधी वजन, मग हौस

मापं ठरवताना हात आखडता घ्या. आतून ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि दीड फूट उंच एवढी पेटी पहिल्यांदा पुरे. काठापासून दोन इंच खाली, म्हणजे १६ इंच पाणी भरलं तर ते साधारण ४५० लिटर होतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच साडेचार क्विंटल, वर माती, कुंड्या आणि लाकूड वेगळं.

म्हणून गच्चीवर किंवा गॅलरीत हे तळं करू नका. राहत्या घराची जमीन सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबानं आखतात, गच्ची त्याहून कमी. आपलं तळं दर चौरस मीटरला ४०० किलोंच्या वर जातं. "आमची टाकी आहे ना गच्चीवर" असं यजमान म्हणतील. टाकीखाली तुळई आणि खांब बघून जागा ठरवलेली असते, आपण मात्र जिथं ऊन येतं तिथं तळं मांडणार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात एकच कुमुदिनी लावून समाधान मानावं. त्याहून मोठं काही करायचं तर बांधकामाच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

जागा अशी हवी की दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल. त्याहून कमी उन्हात पानं येतील, फुलं येणार नाहीत. आंब्याच्या किंवा चिंचेच्या खाली तर मुळीच नको. पाला पडतो, कुजतो आणि पाण्याला वास येतो. आणि स्वयंपाकघराच्या किंवा बसायच्या खोलीच्या खिडकीतून दिसेल अशी जागा असली तर उत्तम, कारण जे रोज नजरेखाली असतं त्याची निगा आपोआप राहते.

लाकूड कुठलं?

जुनं सागवान मिळालं तर दुसरं बघू नका. जुने वाडे आणि कौलारू घरं पाडली जातात तेव्हा त्यातले वासे, तुळया, कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. पन्नास-शंभर वर्षं उन्हापावसात टिकलेलं हे लाकूड आता नव्यानं आकसत नाही, वाकत नाही. सागाच्या अंगचं तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फक्त वखारीत फळीवरून हात फिरवून बघा. मोडके खिळे आत राहिलेले असतात, आणि असा एक खिळा सगळं अस्तर फाडायला पुरेसा आहे. सुताराकडून ते आधी काढून घ्यावेत.

सालाचं लाकूड जड आणि दणकट, तेही चालेल. बाभूळ चिवट असते. पण आंबा, सिल्व्हर ओक किंवा यंत्रांच्या खोक्यांचं पांढरं लाकूड घेऊ नका. पहिल्या दोन पावसाळ्यांतच ते मऊ पडतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर काही ठिकाणी स्वस्तात मिळतात आणि दिसतात भक्कम, पण ते टिकावेत म्हणून त्यांना डांबराच्या जातीचं विषारी तेल पाजलेलं असतं. माशांच्या आणि मुलांच्या जवळ ते नको.

फळ्या दीड इंच जाडीच्या, ६ इंच रुंदीच्या घ्या. अशा तीन एकावर एक आल्या की दीड फूट उंची झाली. कोपऱ्यांना ३ इंची चौकोनी खांब. फळ्यांना बाहेरून जवसाचं उकळलेलं तेल दोन-तीन हात द्यावं, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा एक हात. रंगापेक्षा हे बरं. रंगाचे पोपडे निघतात आणि त्यांच्याखाली ओल धरते.

पेटी फुटते ती तळाशी

सुताराला नुसतं "कुंडीसारखी पेटी कर" असं सांगितलं तर तो खिळे ठोकून पेटी करून देईल. माती भरायला ती चालेल, पाण्याला चालणार नाही. माती एकदा बसली की बसली. पाणी सतत चारी बाजूंनी रेटत असतं, आणि हा रेटा खाली जास्त, वर कमी. आपल्या मापाच्या तळ्यात ४ फुटी बाजूवर हा रेटा साधारण १०० किलोंचा होतो, म्हणजे दोन बायका फळीला सतत पाठ लावून उभ्या असल्यासारखं. खिळे हळूहळू सुटतात आणि एखाद्या रात्री फळी बाहेर येते.

म्हणून तीन गोष्टी सुतारमामांकडून आग्रहानं करून घ्या. कोपऱ्यांत खांब आतून आणि फळ्या बाहेरून, आरपार नट-बोल्टनं आवळलेल्या. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला, लाकडात बुडवलेलं, आणि नट बाहेर, म्हणजे पुढे कधी सैल झाला तर पान्यानं आवळता येतो. दुसरं, दोन्ही लांब बाजूंच्या मधोमध बाहेरून एकेक उभा खांब, आणि समोरासमोरचे हे दोन खांब तळाखालून लोखंडी पट्टीनं एकमेकांना जखडलेले. पट्टी वाळूत गाडली जाते, दिसत नाही. तिसरं, वरच्या काठावर ५-६ इंच रुंदीची फळी चौफेर. तिनं पेटीचं तोंड बांधलं जातं आणि संध्याकाळी टेकायला बैठकही होते. आतल्या खांबांच्या कडा रंधा मारून गोल करायला विसरू नका. अस्तर तिथंच घासतं.

पेटीला लाकडी तळ नको. पाण्याचं वजन थेट जमिनीवर बसू द्या. त्यासाठी जमीन आधी पाणी मारून चांगली चोपून घ्यावी, खांबांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवावेत आणि आत इंचभर चाळलेली वाळू पसरावी. लाकूड मातीला टेकता कामा नये. साग झाला तरी कायम ओल्या मातीत वाळवीची परीक्षा कशाला बघायची? काठावर पाणसळ ठेवून चारी बाजू एका पातळीत आल्याची खात्री करून घ्या. लाकडाची उतरण डोळ्यांना कळत नाही, पाणी भरल्यावर मात्र एका बाजूला काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली, हे लगेच दिसतं.

अस्तर

महाराष्ट्रात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि तेव्हापासून शेततळ्याचा जाड प्लॅस्टिक कागद तालुक्याच्या गावीसुद्धा मिळू लागला. ५०० मायक्रॉनचा कागद घ्या. घरातली टेबलावरची किंवा रंगाऱ्यांची पातळ शीट एका उन्हाळ्यात चिरते.

कागदाचं माप सोपं आहे. लांबी ४ फूट, अधिक दोन्ही बाजूंची उंची ३ फूट, अधिक काठावरून दुमडायला १ फूट, झाले ८ फूट. रुंदी तशीच ३ अधिक ३ अधिक १, म्हणजे ७ फूट. जोड नसलेला एकच तुकडा मागा.

कागदाखाली मऊ गादी हवी. यासाठी कपाटातल्या जुन्या नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या साड्या चौघडी करून तळाला आणि बाजूंना लावा. सुती साडी कुजते, गोणपाटही कुजतं. भांडीवाल्याला देऊन एक स्टीलचा डबा मिळवण्यापेक्षा हा उपयोग मला अधिक पसंत आहे. कागद तासभर उन्हात पसरला की मऊ पडतो, मग आत सोडा. कोपऱ्यांत पाकिटासारखी एकेकच मोठी घडी घाला, बारीक चुण्या नकोत. अर्धं पाणी भरेपर्यंत वरच्या कडा मोकळ्या ठेवाव्यात. पाण्याच्या वजनानं कागद आपोआप जागी बसतो. मग कडा काठाच्या फळीखाली दाबून टाका. कागदाला खिळा मारायचा तो पाण्याच्या पातळीच्या वरच.

डासांचं काय?

डेंग्यूचा डास गटारात होत नाही. त्याला स्वच्छ, साचलेलं पाणीच आवडतं आणि तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी दिवसांत आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. बरं, या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी काही महिने तग धरतात. डेंग्यूवर नेमकं औषध नाही, त्यामुळे शेजारच्या बाई तळ्याला विरोध करत असतील तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या घरात कुणाचे प्लेटलेट्स उतरलेले त्यांनी पाहिले असतील.

तळं दर आठवड्याला कोरडं करता येत नाही. त्याऐवजी त्यात पहिल्या दिवसापासून डासांच्या अळ्या खाणारं कुणीतरी हवं. गप्पी मासे. बऱ्याच नगरपालिकांच्या हिवताप विभागात ते मागितले की मिळतात, नाहीतर मासे पाळण्याच्या दुकानात अगदी स्वस्त. आपल्या तळ्याला दहा-बारा पुरेत. ते अंडी न घालता जिवंत पिल्लं देतात, तेही महिन्या-महिन्यानं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत आपोआप भरभराट होते. जास्त झाले तर मैत्रिणीच्या हौदाला द्या, पण नदीत, ओढ्यात, गावतळ्यात सोडू नका. हा मासा आपल्याकडचा नव्हे, तिथल्या देशी माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडी तो फस्त करतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी भरल्यावर दोन दिवस उघडं राहू द्या, मग मासे सोडा. टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचा वास येत असेल तर आणखी एखादा दिवस थांबा. पुढे रोज थोडं थोडं पाणी घालताना काळजी नाही. माशांना खाणं घालायची मुलांना फार हौस असते, तिला आळा घाला. पोट भरलेला मासा अळ्यांकडे बघत नाही.

इतकं करूनही डास होतात ते दुसरीकडेच. अस्तराच्या घडीत पाण्याच्या वर वाटीभर पाणी साचतं, तिथं मासा पोचत नाही. काठावरच्या कुंड्यांखालच्या बशा, कोपऱ्यात ठेवलेली बादली, तुळशीजवळचं गडू. दर रविवारी हातात फडकं घेऊन एक फेरी मारायची, घड्या पुसायच्या, बशा उपड्या करायच्या आणि पाण्यात मासे पळताना दिसतात की नाही ते बघायचं. मासे दिसले नाहीत तर त्याच दिवशी नवे आणावेत. पालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा त्यांनाही मासे दाखवा. अळ्या सापडल्या तर काही ठिकाणी दंड होतो, आणि तो वाजवीच आहे.

पाण्यावर रॉकेल टाकायचा जुना उपाय इथं करायचा नाही, मासे मरतील. फिनाईलनं अंगण धुताना शिंतोडे आत जाऊ देऊ नका. गल्लीत धुराची फवारणी येणार असेल तेव्हा तळ्यावर जुनी चादर टाका.

लहान मूल घरात असेल तर

दीड फुटाचा काठ रांगणाऱ्या मुलाला अडवतो, चालणाऱ्याला नाही. दोन-तीन वर्षांचं मूल काठ धरून वर चढतं, डोक्याकडून आत जातं, आणि ओरडतही नाही. वीतभर पाणीसुद्धा त्याला पुरतं. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, किंवा शेजारचं येत-जात असेल, तर पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय पाणी भरू नका. लोहाराकडून चौकटीत दोन इंची खणांची जाळी वेल्ड करून घ्यावी आणि ती काठाला आतून लावलेल्या कोनांवर घट्ट बसवावी, मूल पडलं तरी खचणार नाही अशी. कुमुदिनीची पानं जाळीतून सहज वर येतात आणि महिन्याभरात जाळी दिसतही नाही. "आम्ही लक्ष ठेवू" यावर विसंबू नका. दुधाला उतू जाण्यापासून वाचवायला आपण धावतो तेवढा वेळ पुरतो.

काय लावाल?

नव्यानं सुरुवात करणारीनं कमळाऐवजी आधी कुमुदिनी लावावी. ती लवकर फुलते आणि लाड मागत नाही. दिवसा उमलणारी आणि रात्री उमलणारी अशा दोन्ही जाती रोपवाटिकेत मिळतात. नोकरीवरून संध्याकाळी घरी येणाऱ्या बाईनं रात्रीची घ्यावी, नाहीतर फूल कधी बघायलाच मिळायचं नाही.

तळाला माती पसरू नका. गवंड्याचं प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, त्यात चिकट काळी माती भरा, कंद लावा आणि वर इंचभर धुतलेली बारीक खडी पसरा, म्हणजे माती वर तरंगत नाही. शेणखत, पालापाचोळ्याचं खत यातलं काही घालायचं नाही. कुंडीतल्या गुलाबाला जे अमृत, ते इथं पाण्यात कुजतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. घमेलं आधी विटांवर उंच ठेवा, पानं वर आली की एकेक वीट काढत खाली न्या.

कमळ बियांपासून करायचं असेल तर पूजेच्या दुकानातला कमळगट्टा चालतो, पण माळेतला नव्हे, माळेतल्या मण्याला आरपार भोक पाडलेलं असतं. अख्खं बी फरशीवर एका टोकाला घासायचं, आतला पांढरा गर जरासा दिसेपर्यंत, आणि पेल्यात पाण्यात ठेवायचं. पाणी रोज बदला. आठ-दहा दिवसांत हिरवा कोंभ येतो. फुलाला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात.

काठाच्या आत, विटांवर उथळ कुंड्या ठेवून ब्राह्मी आणि वेखंड लावा. दोन्ही मुळातच पाणथळ जागेची झाडं. तळ्यातून काढलेलं पाणी ज्या वाफ्यात जिरतं तिथं अळू लावलं तर श्रावणभर फदफद्याला आणि वड्यांना बाजारात जावं लागणार नाही. जलपर्णीचं जांभळं फूल सुंदर दिसतं, कुणी फुकट देईलही, पण ती दारात आणू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीनं आपल्या मुळा-मुठेचं आणि पंचगंगेचं काय केलंय ते पुलावरून जाताना दिसतंच.

पहिला महिना आणि पुढे

पाणी भरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते हिरवंगार होतं आणि घरातले सगळे "सांगितलं होतं" म्हणतात. त्या वेळी तळं उपसू नका. नवं पाणी भरलं की तोच हिरवा रंग पुन्हा पहिल्यापासून येतो. पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की ऊन आत जात नाही आणि पाणी आपोआप निवळतं.

आता तो तिसरा प्रश्न, पाण्याचा. वैशाखाच्या कडक उन्हात रोज साधारण एक सेंटिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे आपल्या तळ्यात सुमारे ११ लिटर, पाऊण बादली. पावसाळ्यात आणि थंडीत फारसं काही घालावं लागत नाही. ज्या गावात चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, तिथं मी तळ्याचा सल्ला देणार नाही. जिथं पाणी आहे तिथंही ती पाऊण बादली कोण ओतणार हे आधीच सर्वांदेखत ठरवून घ्या. नाहीतर हौस घरादाराची आणि बादली तुमच्या हातात. दर पंधरा दिवसांनी दोन बादल्या जुनं पाणी काढून कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला. माशांच्या वावरानं ते पाणी खताचंच झालेलं असतं.

पावसाळ्याआधी वरच्या फळीखाली एका बाजूला खाच करून घ्या आणि तिच्यावर बारीक जाळी मारा. मुसळधार पावसात तळं भरून वाहतं, आणि जाळी नसेल तर गप्पी मासे गटारात. गणपती विसर्जनासाठी मात्र या तळ्याचा उपयोग करू नका, मूर्ती शाडूची असली तरी. माती विरघळून सगळं पाणी गढूळ होतं आणि रंग माशांना बाधतात. त्यासाठी वेगळी बादली ठेवावी.

मांजर काठावर बसून राहील, एखादा खंड्या तारेवर येऊन टपेल. दोन-चार मासे त्यांचे समजा. चतुर येऊ लागले तर आनंद माना, त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्याही खातात. थंडीत कमळाची पानं पिवळी पडून वाळतात, रोप मेलं असं समजून उपटू नका, कंद मातीत झोपलेला असतो. फेब्रुवारीत घमेलं वर काढून कंद वेगळे करा, जुनी माती बदला, आणि एखादा कंद ओल्या फडक्यात गुंडाळून त्या शेजारच्या बाईंना द्या.